घरकुलासाठी कोणाकडे जावे?



पुणे जिल्ह्यातील कातकरी कुटुंबांना पक्के घर बांधण्यासाठी २०२३ पासून पीएम-जनमन योजना आहे. २ लाख रुपये हप्त्याहप्त्याने बँक खात्यात जमा होतात. इतर आदिवासींसाठी शबरी घरकुल योजना आहे. चौकशी आधी ग्रामसेवकाकडे, मग पंचायत समितीत करावी. तिथे अडल्यास घोडेगावचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे.

पुष्कळदा अडते ते जातीच्या दाखल्यावर. तो प्रांत कार्यालयातून मिळतो; प्रत्येक फेरीला मात्र दिवसाची मजुरी बुडते, आणि कुटुंब अर्ज अर्धवट सोडून पुन्हा गळक्या झोपडीत पावसाळा काढते. म्हणून देणगीइतकीच गरज आहे अर्ज लिहून देणाऱ्या, सोबत कचेरीत येणाऱ्या माणसाची. महिन्यातला एक दिवस द्याल का?