हजारात दहा

मार्टिन ब्रोड्यूर या गोलरक्षकावर नॅशनल हॉकी लीगच्या साखळी सामन्यांत एकूण ३१,७०९ फटके आले आणि त्यांतले २८,९२८ त्याने अडवले. आइस हॉकीतला पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन साधारण १७० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा किंचित जास्तच. गुणाकार केला तर या एका माणसाने पॅडवर, छातीवर, हातमोज्यात मिळून जवळपास ४,९०० किलो रबर थोपवलं. बर्फावर तो ७४,४३८ मिनिटं उभा होता. सलग मोजली तर जवळजवळ ५२ दिवस आणि ५२ रात्री! सामने १,२६६, विजय ६९१, शटआउट, म्हणजे एकही गोल न खाल्लेले सामने, १२५. विजयांत दुसऱ्या क्रमांकावर असलेला मार्क-आंद्रे फ्लरी ५७५ वर निवृत्त झाला. उरलेले ११६ मिळवायला वर्षाला ३५ विजयांच्या गतीनेही आणखी तीन हंगामांहून जास्त लागले असते.

मग सर्वश्रेष्ठ ब्रोड्यूरच? मला तसं वाटत नाही. डोमिनिक हाशेक फक्त ७३५ सामने खेळला, विजय ३८९. पण दर हजार फटक्यांमागे त्याने ९२२ अडवले, ब्रोड्यूरने ९१२. फरक दहाचा. ब्रोड्यूरवर आलेले सगळे फटके हाशेकने त्याच्या प्रमाणात अडवले असते, तर सुमारे ३१५ गोल कमी झाले असते. म्हणजे दर चार सामन्यांमागे एक. जिथे बरेचसे सामने एका गोलाने सुटतात, तिथे हा एक गोल फार मोठा. शिवाय ब्रोड्यूरपुढे न्यू जर्सी डेव्हिल्सची चिवट बचावफळी होती. त्याला सामन्याला सरासरी २५ फटके झेलावे लागत, हाशेकला २७ हून जास्त. हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मान, दोनदा मिळवणारा हाशेक हा एकमेव गोलरक्षक आहे. माझं मत त्याच्याच पारड्यात.

जुन्या काळात शिरलं की मात्र आकडे एकदम फसवे होतात. १९२८-२९ च्या हंगामात माँट्रियलच्या जॉर्ज हेन्सवर्थने ४४ सामन्यांत २२ शटआउट नोंदवले आणि अख्ख्या हंगामात फक्त ४३ गोल खाल्ले. आज हे अशक्य वाटतं. पण तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या बचावक्षेत्रात पक पुढे पास करायला बंदी होती. पुढच्याच वर्षी ती उठली आणि त्याच हेन्सवर्थचे शटआउट ४ वर आले. माणूस तोच, हात तेच, बदलला तो नियम. टेरी सॉचकच्या १०३ शटआउटचा विक्रम ब्रोड्यूरने २००९ च्या डिसेंबरमध्ये मोडला, पण सॉचकच्या उमेदीच्या वर्षांत हंगाम ७० सामन्यांचा होता, ब्रोड्यूरच्या काळात ८२ चा. केन ड्रायडनने ३९७ सामन्यांत केवळ ५७ पराभव पाहिले आणि लीगच्या विजेतेपदाचे सहा स्टॅनले कप जिंकले. एकूण विजयांच्या यादीत मात्र तो बराच खाली सापडतो.

सगळ्या आकड्यांत मला हलवून टाकतो तो ग्लेन हॉलचा. १९५५ च्या मोसमारंभापासून नोव्हेंबर १९६२ पर्यंत सलग ५०२ सामने, प्रत्येक पूर्ण, आणि तेही चेहऱ्यावर मुखवटा न घालता. सामन्याआधी त्याला उलटी व्हायची इतका ताण असे, तरी तो उतरायचा. शेवटी पाठीने दगा दिला. आज संघ दोन गोलरक्षकांत सामने वाटून देतात, त्यामुळे या विक्रमाजवळ पुन्हा कुणी जाईल असं मला वाटत नाही.

ब्रोड्यूर आणि हाशेक एकदा बाद फेरीत समोरासमोर आले. त्या मालिकेतला एक सामना: २७ एप्रिल १९९४, हाशेकच्या संघाचं गाव बफेलो. साठ मिनिटांत गोल नाही, मग तीन पूर्ण जादा सत्रांतही नाही. १२५ मिनिटं ४३ सेकंदांनी बफेलोच्या डेव्ह हॅननने एकमेव गोल केला. हाशेकने ७० पैकी ७० फटके अडवले. एकवीस वर्षांच्या ब्रोड्यूरने ५० पैकी ४९ अडवले, म्हणजे हजारात ९८०, आणि त्याच्या नावापुढे पराभव लागला. दोन दिवसांनी न्यू जर्सीने सातवा सामना २-१ असा जिंकून मालिका खिशात घातली.