लॉकडाऊनमध्ये सगळेच खचले नव्हते

करोना आला तेव्हा दोन गोष्टी एकाच वेळी कानावर येत. एक, आता घरटी एक मनोरुग्ण होणार. दुसरी, मन घट्ट असलं की काही होत नाही. बोलणारी माणसं बहुधा तीच असत.

पहिल्या समजुतीला एका आकड्याने खतपाणी घातलं. साथीच्या पहिल्या वर्षात चिंताविकार आणि नैराश्य जगभरात २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये सांगितलं. अनेकांनी त्याचा अर्थ ‘चारातला एक आजारी’ असा लावला. खरं तर आधी शंभर रुग्ण होते तिथे सव्वाशे झाले, एवढंच ते विधान आहे. पुढच्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १३७ अभ्यासांचा आढावा छापला. साथीपूर्वीची आणि साथीतली मनःस्थिती ताडून पाहिली, तर सरासरी फरक किरकोळ निघाला. बायकांच्या बाबतीत थोडा जास्त. अर्थात त्यातले बहुतेक अभ्यास सुखवस्तू देशांतले. आणि ज्याचा पगार घरबसल्या जमा होत होता तो आणि ज्याचं पोट रोजावर होतं तो, या दोघांची सरासरी काढून काय हाती लागणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे देशात २०१९ साली १,३९,१२३ आत्महत्या झाल्या, २०२०मध्ये १,५३,०५२. त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा रोजंदारीवाल्यांचा. तरी ‘लॉकडाऊन लागला आणि लगेच आत्महत्या वाढल्या’ हे सरसकट खरं नाही. २१ देशांच्या पाहणीत पहिल्या काही महिन्यांत वाढ आढळली नव्हती. जपानमध्ये तर आधी आकडा उतरला आणि वर्षाच्या उत्तरार्धात चढला, विशेषतः स्त्रियांमध्ये. धोका टळला म्हणून आपण हुश्श करतो, तेव्हाच कुणाची तरी गाठीची पुंजी संपत आलेली असते.

‘दारूची दुकानं बंद झाली, आता आपोआप सुटेल’ हा समज तर भलताच घातक. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, ते चादर झटकत बसतात, घरच्यांना ओळखत नाहीत. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलं. ही वेळ तडक दवाखाना गाठायची असते, कारण उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. एप्रिल २०२१मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला दारूऐवजी सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. आदल्या वर्षी मे महिन्यात दुकानं उघडली, तेव्हा रांगेतल्या ‘तळीरामां’चे व्हिडिओ आपण हसत हसत पुढे ढकलले होते. त्या रांगेत कुणी नुसती हातांची थरथर थांबावी म्हणूनही उभं असेल, हे फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

कोविडमधून उठल्यावर झोप न येणं, घाबरायला होणं हे ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकलं गेलं. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,३६,००० हून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सहा महिन्यांत सुमारे एक-तृतीयांश जणांना मेंदूच्या किंवा मनाच्या विकाराचं निदान झालेलं होतं. काहींना तो आधीपासूनच होता, हेही खरं.

दुःखाचंही तसंच. अंत्यदर्शन नाही, दहाव्याला चार माणसं नाहीत, भेटायला कुणी येणार नाही. अशा घरांत कुणी वर्षभर रडलं तर तो लगेच आजार ठरत नाही. पण सहा महिने उलटूनही गेलेल्या माणसाच्या ध्यासापुढे रोजचे व्यवहारच ठप्प असतील, तर त्याला आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागा आहे आणि उपचारही आहेत.

राहता राहिली गोळ्यांची भीती. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, बरं वाटल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची, आणि नेमक्या त्याच जुन्या चिठ्ठीवर परस्पर आणल्या जातात. डॉक्टरांकडे जायचा धीर होत नसेल तर १४४१६ या ‘टेली-मानस’च्या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, फुकट. खर्चाचं म्हणाल, तर २०१७च्या कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. पॉलिसीचं नूतनीकरण करताना एजंटाला हे कलम दाखवायला सांगा.