लाईट गेली तरी कॉफी

मागच्या रमजानमधली तेरावी किंवा चौदावी सहरी असेल. गजर झाला, आम्ही उठलो, बटण दाबले तर अंधार. फलटणकरांना यात नवे काही नाही. मोबाईलच्या उजेडात भाजी गरम झाली, गॅस असल्यामुळे चहाही झाला. अडले ते फक्त अब्बांच्या कॉफीपाशी. धाकट्या भावाने आखातातून येताना कॉफीचे विजेचे यंत्र आणले होते आणि गेली तीन वर्षे अब्बांची कॉफी त्यावरच होत असे. बियासुद्धा मिक्सरमध्ये दळल्या जात. म्हणजे लाईट नाही तर पावडर नाही, यंत्र नाही, कॉफी नाही.

"राहू दे बेटा, एक दिवस नाही प्यालो तर काय होतंय," असे म्हणून अब्बांनी पाणी पिऊन नियत केली.

जोहरपर्यंत त्यांचे डोके ठणकू लागले. असरला ते कपाळाला रुमाल बांधून भिंतीकडे तोंड करून पडले होते. वय शहात्तर, त्यात रक्तदाबाची गोळी चालू. आम्ही घाबरलो. रक्तदाब तपासला, तो ठीक निघाला. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "कॉफी चुकली का?" रोज कॉफी घेणाऱ्याची कॉफी अचानक बंद झाली की बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते. तो कॅफिनच्या सवयीचा परिणाम असतो. अब्बा इफ्तारनंतर कॉफी घेत नाहीत, झोप उडते म्हणून. म्हणजे आदल्या सहरीपासून पोटात कॉफी नव्हती. त्या दिवशी मगरिबनंतर एक कप पोटात गेला आणि इशाच्या नमाजला ते स्वतःच्या पायांनी मशिदीत गेले.

खरे तर ज्यांना अशी सवय आहे त्यांनी शाबानपासूनच कॉफी हळूहळू कमी करावी. आम्ही हे अब्बांना सांगून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले, एवढेच म्हणता येईल. मग आम्ही दुसरा निश्चय केला की निदान या घरातली कॉफी तारेवर लटकलेली राहणार नाही.

माळ्यावर पितळी फिल्टर होता. अब्बा ऐन उमेदीत सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते. दक्षिणेकडचे व्यापारी हळद घ्यायला येत, मुक्काम करीत आणि कॉफीचा सरंजाम बरोबर बाळगत. त्यांच्यापैकी एकाने जाताना तो फिल्टर अब्बांना दिला. घरी तो अम्मी लावत. अम्मींच्या इंतकालानंतर तो कुणी खाली काढला नव्हता, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते. यंत्र आले तेव्हा आम्हाला वाटले की अब्बांची सोय झाली. त्यांना खरेच काय वाटले ते त्यांनी सांगितले नाही.

फिल्टर खाली आला तो हिरवट काळा पडलेला. चिंच आणि मीठ लावून घासला, आतली कल्हई गेली होती म्हणून कल्हईवाला शोधला. हल्ली तो शोधणे हेच मोठे काम आहे. ज्यांना ही यातायात नको त्यांनी सरळ स्टीलचा फिल्टर घ्यावा, चवीत फारसा फरक पडत नाही. रचना अगदी साधी आहे. दोन डबे एकावर एक बसतात, वरच्याच्या तळाला बारीक भोके असतात, आत दांडी असलेली एक चकती आणि वर झाकण. बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते, त्याचे बिल येत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही जी कॉफी केली ती कुणाला देण्यासारखी नव्हती. मिक्सर वापरायचा नाही असे ठरवले होते, म्हणून बिया पाट्यावर वाटल्या. पाट्यावर वर्षानुवर्षे लसूण, कोथिंबीर आणि सुके खोबरे वाटलेले. कॉफीला मटणाच्या रश्श्याचा वास आला. अब्बांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "इसमें रोटी चूर के खाना क्या?" तेव्हा पाटा नको, मसाल्याचे जातेही नको. खलबत्ता चालतो, पण फक्त कॉफीसाठी वेगळा ठेवलेला. थोड्या थोड्या बिया घेऊन कुटायच्या, पिठाच्या चाळणीने चाळायच्या, वर राहिलेला भरडा पुन्हा कुटायचा. पावडर बारीक रव्यासारखी लागली पाहिजे. पिठासारखी झाली तर भोके बुजतात, जाड राहिली तर पाणी चव न घेताच खाली पळते. हात दुखतो हे मान्य आहे. दांडा फिरवायची हातचक्की मिळाली तर काम निम्म्यावर येते. तेही नको असेल तर दुकानातूनच फिल्टरसाठी दळून घ्यावी, मात्र एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅमच. दळलेल्या कॉफीचा वास फार दिवस टिकत नाही.

विकत घेताना पाकिटावर चिकोरीचे प्रमाण वाचावे. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्याने रंग गडद होतो, काढा दाट होतो आणि किंमत उतरते. कायद्याप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे किमान 51 टक्के कॉफी असावी लागते. याचा अर्थ जवळजवळ निम्मी चिकोरी घालूनही ती कायदेशीर ठरते. आमच्या घरी वीस टक्क्यांपर्यंतची चालते. अब्बांना पेढीवरच्या काळापासून त्या दाटपणाची सवय आहे.

आता कृती. चार छोट्या कपांसाठी पावडरीचे तीन शिगोशीग चमचे वरच्या डब्यात घालावेत, डबा हलवून पातळी सारखी करावी आणि चकती हलकेच ठेवावी. दाबून ठासू नये. पाण्याला खळखळून उकळी आली की पातेले खाली उतरवून अर्धा मिनिट थांबावे. आधी फक्त दोन-तीन चमचे पाणी गोल फिरवत घालावे, पावडर फुगू द्यावी, मग उरलेले घालावे. एकूण पाणी दीडशे मिलीलिटरच्या आसपास. झाकण लावून बाजूला व्हावे. आम्ही पहिल्या आठवड्यात दर मिनिटाला झाकण उघडून पाहत होतो, डबा ठोकत होतो. अब्बा खाटेवरून म्हणाले, "पानी को घाई नक्को करो." पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात काळाभोर काढा जमतो. तीन-चार मिनिटांतच सगळे पाणी उतरले तर पावडर जाड आहे किंवा कमी पडली आहे. अर्ध्या तासात थेंबही नाही तर फार बारीक दळली आहे. कधी कधी नुसते झाकण सैल केले की हवा जाऊन पाणी वाहू लागते. एक भाग काढा आणि तीन भाग गरम दूध, साखर आपापल्या इच्छेने. काढा परत उकळू मात्र नये, कडू होतो. तो कोमट करायचा असेल तर डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवावा.

सहरीच्या दृष्टीने याचा मोठा फायदा असा की तरावीहवरून आल्यावर फिल्टर लावून झोपायचे. पहाटे काढा तयार असतो. फक्त दूध तापवायचे, आणि ते अंधारातही तापते.

फिल्टर नसेल त्यांनीही निराश होऊ नये. 1908 साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेन्ट्स नावाच्या गृहिणीने पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद आत ठेवून कॉफी गाळली. त्यावर तिने पेटंट घेतले. आपल्याकडे टीपकागद राहिला नाही, पण मलमलचा कपडा आहे. तो साबणाने कधीच धुऊ नये, नुसत्या पाण्याने धुवावा.

आमच्या उर्दूच्या तासाला एका मुलाने विचारले की कहवा म्हणजे काश्मीरचा हिरवा चहा ना? काश्मिरात हो. पण मुळात अरबीतला कहवा म्हणजे कॉफीच, तोच शब्द तुर्कांकडून युरोपात जाऊन कॉफी झाला. पंधराव्या शतकात यमनचे सूफी रात्रीच्या इबादतीत जाग राहावी म्हणून ती पीत. मक्केत 1511 मध्ये खैर बेग या अधिकाऱ्याने तिच्यावर बंदी आणली. ती फार टिकली नाही, पण कॉफी जायज की नाजायज यावर वाद चालूच राहिला, आणि 1558 च्या सुमारास अब्दुल कादिर अल-जजीरी यांनी या प्रश्नावर एक पूर्ण ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानात जहांगीरच्या दरबारी आलेल्या इंग्रज वकिलातीचा पाद्री एडवर्ड टेरी याने इथले दीनदार लोक कॉफी पितात अशी नोंद केली आहे. झाडे मात्र नंतर आली. सतराव्या शतकात हजहून परतताना बाबा बुडन यांनी यमनच्या मोखा बंदरातून सात बिया आणल्या आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या महाराष्ट्रातही मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, हे आमच्या शाळेत शिक्षकांनाही ठाऊक नव्हते.

या सगळ्या लोकांकडे वीज कुठे होती? आणि आपले फलटण तर याबाबत मागे नाही. लोणंद रस्त्यावरच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जी 1968 मध्ये सुरू झाली, खेड्यातल्या अंधाऱ्या घरांसाठी 'नूरी' नावाचा रॉकेलचा कंदील तयार केला. पुढे उजेड देता देता स्वयंपाकही करणारे 'लॅनस्टोव्ह' बनवले. गोड ज्वारीपासून केलेल्या इथेनॉलवर चालणारी शेगडीही तिथलीच. नूर या शब्दाचा अर्थ सांगताना वर्गात आम्ही त्या कंदिलाचे उदाहरण देतो. रेशनचे रॉकेल आता मिळेनासे झाले, नाहीतर एकाच ज्योतीवर पुस्तक आणि कॉफी दोन्ही झाले असते.

राहिली आपली जायफळाची कॉफी. मराठी घरांत, आमच्या मोहल्ल्यातही, दुधात कॉफी उकळून वर जायफळ किसण्याची रीत आहे. अम्मी पाहुण्यांना तीच देत आणि फिल्टरची फक्त अब्बांना. दाक्षिणात्य कॉफीवाले तिला हसतात, आम्ही हसत नाही. जायफळ प्रमाणाबाहेर घेतले तर गुंगी येते म्हणून फिकहच्या ग्रंथांत त्याविषयी चर्चा आहे, तेव्हा ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. वेलदोड्याला कुणाची हरकत नाही.

यंत्र अजून ओट्यावर आहे, भावाचे मन राखायला ईदला एकदा लावतो. फिल्टर आता अब्बा स्वतः लावतात. दिसते कमी, म्हणून पावडर चमच्याने नाही, मुठीने मोजतात, आणि आम्ही टोकत नाही. भोके बुजली की दाभणाच्या टोकाने एकेक मोकळे करतात. ते दाभण अम्मींच्या गोधडीच्या डब्यातले आहे, आणि ते आता फिल्टरच्या शेजारीच असते.