शांत किनारा आणि त्याची धारणक्षमता

डिसेंबर जवळ आला की आमच्या कॉलेजातली मुले मला हमखास विचारतात, "सर, तुम्ही कोकणातले. गर्दी नसलेला एखादा बीच सांगा ना." जयपूरच्या मुलांना समुद्राचे आकर्षण जरा जास्तच. मी सोडाल्यात राहतो. इथल्या ट्रॅव्हल एजंटांच्या फलकांवर पूर्वी नुसते 'गोवा' असायचे, आता त्याखाली 'अनटच्ड बीच' अशीही एक ओळ असते. पूर्वी मी मुलांना गावांची नावे खुशाल सांगत असे. आता सांगत नाही. का सांगत नाही, हे समजण्यासाठी पर्यावरण अभियांत्रिकीतली एक संकल्पना आपल्याला नीट पाहावी लागेल. ती म्हणजे धारणक्षमता.

आधी इतिहास थोडक्यात पाहू. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस परदेशी हिप्पी तरुण कळंगुटच्या वाळूत येऊन राहू लागले. कळंगुटला वर्दळ वाढली तसे ते हणजुणेला सरकले. ऐंशीच्या दशकात युरोपातून चार्टर विमाने येऊ लागली, हॉटेले उभी राहिली, आणि शांतता हवी असलेला पर्यटक उत्तरेला हरमलला व दक्षिणेला काणकोणातल्या पाळोळेला गेला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतर पाळोळेही भरले. मग लोक कर्नाटकात गोकर्णला आणि इकडे सिंधुदुर्गात तारकर्ली, भोगवे, वेंगुर्ले या बाजूला वळले. सिंधुदुर्गाला १९९७ मध्येच पर्यटन जिल्हा घोषित केले होते. २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, २०२३ च्या जानेवारीत मोपाचा. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, तर २०१९ साली तिथे आलेले पर्यटक सुमारे ८० लाख होते.

हे फक्त आपल्याकडे घडते असे नाही. कॅरिबियन समुद्रात बार्बाडोससारखी बेटे हॉटेलांनी भरली, तेव्हा तिथला जुना प्रवासी डॉमिनिका किंवा साबा अशा बेटांकडे पाहू लागला. साबा हे जेमतेम १३ चौरस किलोमीटरचे ज्वालामुखी बेट असून त्याला वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच. गंमत अशी की पुळण नसणे हेच त्याचे संरक्षण ठरले.

या सरकत जाण्याचे वर्णन रिचर्ड बटलर या भूगोलतज्ज्ञाने १९८० मध्ये एका आलेखाने केले. शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, दृढीकरण, कुंठितावस्था आणि शेवटी ऱ्हास किंवा पुनरुज्जीवन अशा अवस्था त्याने मांडल्या. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर पर्यटकांची संख्या. आलेख इंग्रजी 'एस' अक्षरासारखा दिसतो. तुम्ही गणितात शिकलेले लॉजिस्टिक समीकरण आठवा:

वाढीचा वेग = र × न × (१ − न/क)

येथे 'न' म्हणजे पर्यटकांची संख्या, 'र' म्हणजे वाढीचा दर आणि 'क' म्हणजे धारणक्षमता. पाठ्यपुस्तकात 'क' स्थिर असतो, प्रत्यक्ष किनाऱ्यावर तो स्थिर राहत नाही. 'न' फार वाढला तर विहीर बिघडते, वाळू वाहून जाते, आणि 'क' स्वतःच खाली येतो. शिवाय रस्ता, विमानतळ आणि मोबाईलवरचे फोटो यांमुळे 'र' वाढतो. कळंगुटला जे व्हायला काही दशके लागली, ते नव्या गावात थोड्या वर्षांत होऊ शकते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शांततेच्या शोधात आलेला पहिला प्रवासी या आलेखाच्या बाहेर उभा नसतो. आलेखाचा पहिला बिंदू तोच.

आता 'क' काढायचा कसा? सिफुएंतेस यांची १९९२ ची पद्धत सोपी आहे. उपलब्ध क्षेत्रफळाला दर माणशी लागणाऱ्या जागेने भागायचे आणि दिवसातल्या फेऱ्यांनी गुणायचे. समजा, पुळण २ किलोमीटर लांब आणि २० मीटर रुंद आहे, म्हणजे ४०,००० चौरस मीटर. माणशी २० चौरस मीटर धरले तर एका वेळी २,००० माणसे. किनारा १० तास खुला असतो आणि प्रत्येक जण अडीच तास थांबतो असे मानले, तर ४ फेऱ्या. म्हणजे दिवसाला ८,००० माणसे. ही झाली भौतिक धारणक्षमता. भरतीला निम्मी वाळू पाण्याखाली जाते असे धरून ०.५ ने गुणा, ४,००० उरतात. हा आकडा बघून कोणताही गुंतवणूकदार खूश होईल.

पण पाण्याचे काय? कोकणात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यात टँकर लागतात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. पावसाचे पाणी चटकन समुद्राला मिळते. पर्यटकही नेमका मे महिन्याच्या सुट्टीत येतो. समजा, गावाच्या सर्व विहिरी मिळून मे महिन्यात रोज ३ लाख लिटर पाणी देतात. गावात २,००० माणसे, माणशी १०० लिटर, म्हणजे २ लाख लिटर त्यांनाच लागते. उरले १ लाख. मुक्कामी पाहुण्याला शॉवर, चादरी-टॉवेलांची धुलाई आणि स्वयंपाक धरून २५० लिटर लागले, तर गाव रोज ४०० पाहुणे ठेवू शकते. वाळू म्हणते ४,०००, विहीर म्हणते ४००. उत्तर विहिरीचेच धरायचे, कारण सर्वांत तोकडे साधनच मर्यादा ठरवते. सांडपाणी आणि कचरा यांचेही असेच हिशेब असतात, ते तुम्ही करू शकाल.

किनाऱ्यालगतच्या विहिरीत आणखी एक धोका असतो. वाळूखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता घनमीटरला १,००० किलोग्रॅम, समुद्राच्या पाण्याची सुमारे १,०२५. फरक २५ चा आणि १,००० भागिले २५ म्हणजे ४०. म्हणून भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा ३० सेंटिमीटर वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर खाली सुमारे १२ मीटरपर्यंत जातो. हा घायबेन-हर्झबर्ग नियम. त्याची उलट बाजू भयंकर आहे: पंप लावून पातळी १० सेंटिमीटर उतरवली, तर समतोल साधेपर्यंत खारे पाणी ४ मीटर वर चढते. प्रत्यक्षात दोन पाण्यांमध्ये मिश्रणाचा पट्टा असतो, त्यामुळे विहीर त्याही आधी मचूळ होते. माझ्या आजोळी, वेंगुर्ले तालुक्यात, शेजारच्या आवारात खोल्या झाल्या आणि बोअर पडली. काही वर्षांतच मामीच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेनाशी झाली. हा नियम मी वर्गात बरीच वर्षे शिकवत होतो. डाळ शिजत नाही म्हणून मामीचा फोन आला तेव्हा मला तो खरा कळला.

सोडाल्यात आमच्या नळाला बिसलपूर धरणाचे पाणी येते, शंभराहून अधिक किलोमीटरवरून. जयपूरचे रामगढ तळे, जिथे १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकास्पर्धा झाल्या, ते आटले तरी शहराने दूरवर हात पसरला. लहान किनारी गावाला असा हात नसतो, आणि बेटाला तर नसतोच. आता 'पुढचा शांत समुद्र' म्हणून लक्षद्वीपचे नाव घेतले जाते. ३६ बेटे, सारी जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर, २०११ मध्ये सुमारे ६४ हजार लोकवस्ती. प्रवाळाच्या त्या पातळ बेटांवर वरचा ४० चा नियम लावून पाहा. तिथे जायला परवाना लागतो, त्याबद्दल कुरकुर करण्याआधी एवढे गणित जरूर करा.

मर्यादा घालणे अशक्य नाही. फिलिपिन्सने बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवले. थायलंडची माया बे २०१८ च्या जूनमध्ये बंद झाली, ती २०२२ च्या जानेवारीत उघडली. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचे उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे कासवांच्या घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच उतरतात. तिथे 'क' ठरवतात ती घरातली अंथरुणे. अर्थात चार पिल्लांभोवती चारशे कॅमेरे जमले, तर ही व्यवस्थाही ताणली जातेच.

स्वाध्याय: वरच्या उदाहरणात मे अखेरीस विहिरींचे पाणी रोज २.५ लाख लिटरवर आले, गावाची गरज तीच राहिली, तर किती पाहुणे ठेवता येतील? मग पाहुण्यामागे २५० ऐवजी १२५ लिटर धरा आणि पुन्हा काढा. पहिले उत्तर २०० यायला हवे. दुसरे उत्तर ४०० आले म्हणून गावात आणखी खोल्या बांधाव्यात का, यावर अर्धे पान लिहा. लिहिताना जूनचा पाऊस दहा दिवस लांबला आहे असे धरा.