घेवड्याचें बीं आणि बालसंशोधक

आपल्या कुटुंबांतून शिक्षिका होऊं पाहणाऱ्या मुली आज पुष्कळ आहेत. अभ्यासक्रम चालू असतां त्यांना कांहीं आठवडे एखाद्या शाळेंत प्रत्यक्ष शिकवावें लागतें, आणि मुलांकडून एखादा ‘प्रकल्प’ही करवून घ्यावा लागतो. त्या दिवसांत घरीं काय घडतें तें वाचकांस सांगावयास नको. रात्रीं माजघरांत पुठ्ठे नि रंगीत कागद पसरलेले. काका अक्षरें काढताहेत, आत्याबाई चित्रें कापताहेत. आणि ज्या आठ वर्षांच्या मुलांच्या नांवें हें सारें व्हावयाचें, तीं आपापल्या घरीं स्वस्थ झोपलेलीं!

मूळ कल्पना अशी नव्हती. ड्यूई यांनीं १८९६ सालीं शिकागो येथें आपली प्रयोगशाळा-रूपी शाळा काढली, आणि किलपॅट्रिक यांनीं १९१८ सालीं या पद्धतीवर निबंध लिहिला. मुलानें मनापासून हातीं घेतलेलें सहेतुक कार्य, एवढाच त्यांत प्रकल्पाचा अर्थ होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनीं अनुताई वाघांसह १९४५ पासून बोर्डीस जें बालशिक्षण उभारलें, त्यांतही महागड्या साधनांऐवजीं गांवांतल्याच वस्तु मुलांच्या हातीं दिल्या.

आतां समजा, आपली कन्या अकोल्याकडील एखाद्या प्राथमिक शाळेंत गेली. तेथें संशोधनाचा विषय दारींच्या मांडवावर चढलेला आहे. याच तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं शाळेची पायरी न चढतां गावरान बियाणें जमविलें व जतन केलें, आणि त्यासाठीं त्यांस २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. मुलांनीं आजीकडून घेवड्याचें बीं मागून आणावें, तें कोठें व कशांत ठेवलें होतें तें विचारावें. कोणी मडकें सांगेल, कोणी राख सांगेल. मग प्रश्न आपोआप निघतो: राखेंतलें दोन वर्षांचें बीं यंदाच्या बियाइतकें रुजेल काय?

येथून पुढें बाईंनीं हात आवरावा. दहा बिया जुन्या, दहा नव्या. दोन ओलीं फडकीं. रोज सकाळीं मोजणी. मोड आलेल्या प्रत्येक बियास एक रेघ. लिहितां न येणाऱ्या मुलासही हें जमतें. एखादी मुलगी आपल्या आजीचें बीं जिंकावें म्हणून त्यावर गुपचूप अधिक पाणी शिंपडील. तिला रागें भरूं नये. “आतां जास्त मोड आले तर ते बियामुळें कीं पाण्यामुळें?” एवढेंच विचारावें. दोहोंत एकच गोष्ट निराळी ठेवावयाची, हा शास्त्राचा नियम ती त्या एका प्रश्नांत शिकेल.

खरी परीक्षा मात्र बाईंचीच. पाठ पाहण्यास प्राध्यापक उद्यां यावयाचे, आणि आजीच्या दहांपैकीं चारच बिया रुजलेल्या! चाराचे आठ करण्यास चार रेघा पुरतात, आणि तक्ता कसा शोभिवंत दिसतो! पण चाळीस मुलें पाहात असतात. रोज जें मोजलें तें मोठ्या माणसांच्या सोयीप्रमाणें बदलतां येतें, असें त्यांनीं एकदां पाहिलें कीं पुढें मोजण्यांत त्यांस रस कसा राहावा? चार तर चार लिहावे. “माझ्या आजीचें बीं वाईट का?” असें कोणी विचारलें, तर घाईनें उत्तर देऊं नये, दहा बियांवरून आजीचा निकाल लागत नाहीं. पुन्हां दहा घ्याव्या. आजीसच वर्गांत बोलवावें. शाळेंत कधीं न बसलेल्या त्या वृद्धेपुढें मुलें वही उघडून बसलीं, तर तिला आणि मुलांनाही शाळा निराळी दिसेल.

एक अडचण उरतेच. आषाढांत लावलेला गावरान वेल दिवस लहान होऊं लागल्यावर फुलावर येतो. तोंवर बाईंची मुदत संपलेली असते. म्हणून निघतांना त्यांनीं वही वर्गशिक्षकांच्या हवालीं करावी. “पहिलें फूल” हा रकाना रिकामाच ठेवावा, आणि तारीख मुलांनीं पत्रानें कळवावी.