टांग्याचा टप निघाला समुद्रावर

तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण जळगाव-धुळ्याच्या माणसाचा शिडाच्या होडीशी संबंध सहसा कॅलेंडरच्या चित्रापुरताच. त्यामुळे ‘डॉजर’ म्हटल्यावर कुत्र्याचं नाव वाटलं तर दोष कुणाचा नाही. होडीत सुकाणूवाला ज्या उघड्या खळग्यात बसतो तो कॉकपिट. त्याच्या पुढच्या अंगाला, खालच्या खोलीत उतरायच्या दारावर, पाइपांच्या कमानींवर कापड ताणून केलेला आडोसा म्हणजे डॉजर. लाटेचे शिंतोडे चुकवायला. इंग्रज त्याला स्प्रेहूड म्हणतात. आपण सरळ टप म्हणू. रिक्षाला असतो, पूर्वी टांग्याला असायचा, तोच.

ही ओढूनताणून आणलेली उपमा नाही. १९६० साली इंग्लंडमधल्या प्लिमथहून न्यूयॉर्कला एकट्याने शिडाची होडी नेण्याची शर्यत झाली. त्यात ब्लाँडी हॅसलर यांच्या ‘जेस्टर’वर बाबागाडीच्या टपासारखं गोल फिरणारं छप्पर होतं. वारा येईल तिकडे पाठ करायची आणि आतूनच दोऱ्या ओढायच्या. हेच हॅसलर दुसऱ्या महायुद्धात कॅनव्हासच्या कडांच्या घडीच्या होडक्यांतून फ्रान्समधल्या बोर्दो बंदरावर छापा घालून आले होते. कापडावर इतका भरवसा ठेवणारा माणूस विरळा. शर्यतीत दुसरे आले, ४८ दिवसांत.

कॅनव्हास या शब्दाचं मूळ माहीत आहे? कॅनाबिस, म्हणजे भांगेचं झाड. पूर्वीची शिडं त्याच झाडाच्या नाहीतर जवसाच्या धाग्याची. मग १८५१ मध्ये ‘अमेरिका’ नावाची होडी यंत्रावर विणलेली सुती शिडं लावून इंग्लंडला आली, जवसाच्या शिडांना हरवून गेली आणि शिडांसाठी कापसाचा मान वाढला. त्याच नावाच्या देशात दहा वर्षांनी यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि जळगाव कापसाची पेठ म्हणून फुगलं. खानदेशी कापसाचा धागा आखूड, त्याची शिडं झाली असतील असा दावा मी करत नाही. पण समुद्रावरच्या कापडाशी आपलं अगदीच काही नातं नाही, असंही नाही.

आजचा डॉजर मात्र सुती नसतो. तो अॅक्रिलिकचा. सूत कातण्याआधीच धाग्याच्या द्रावणात रंग मिसळलेला असतो, म्हणून ऊन रंग सहजासहजी खाऊ शकत नाही. गाजरासारखं समजा: आरपार एकच रंग. बाहेरून रंगवलेलं कापड म्हणजे लाल मुळा, साल निघाली की पांढरा. गंमत अशी, की पुष्कळदा कापड टिकतं आणि आधी शिवणीचा दोराच उन्हाने जीर्ण होतो.

माप घेणं हा खरा खेळ. आधी कमानी वाकवून जागेवर उभ्या करतात, दोऱ्या ताणून त्या हलू देत नाहीत, मग वर प्लास्टिकचा कागद चिकटवून त्यावरच शिवणीच्या रेषा मारतात. आपला रिक्षाचा टपवाला जुनं रेग्झीन उसवून त्यावरून नवं कापतो. होडीला जुनं नसलं की पंचाईत. शिवणी कौलांसारख्या, वरची खालचीवर, म्हणजे पाणी आत मुरत नाही. मागची कमान भक्कम हवी, कारण लाटेवर तोल गेला की माणूस जे हाती लागेल ते धरतो. शिडाखालचा आडवा दांडा वरून फिरायला जागा हवी. आणि सर्वांत महत्त्वाचं: वरची कड डोळ्यांच्या रेषेत नको. उभं राहिलं तर वरून दिसावं, बसलं तर पुढच्या पारदर्शक खिडकीतून. मध्ये अडकलात तर प्रवासभर मान मोडते.

आता धुळेकरांसाठी खास. कच्च्या रस्त्यावर जीपच्या मागच्या बाकावर बसलात की धूळ पुढून नाही, मागून तोंडावर येते, ठाऊक आहे ना? गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा आत ओढली जाते. डॉजरही तेच करतो. इंजिन चालू असलं की धूर मागून फिरून थेट सुकाणूवाल्याच्या नाकात. उपाय सोपा, पुढच्या पारदर्शक खिडकीला चेन लावून ती उघडता येईल अशी ठेवायची.

जळगावचे केळीवाले याहून हुशार. बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावतात. झाडीतून वारा थोडा गाळून जातो, भिंतीसारखा आपटून पलीकडे गिरक्या घेत नाही. पानं कमी फाटतात. कापडाला ही सोय नाही.

टांग्याकडे परत येऊ. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी नौदलासाठी ‘म्हादेई’ बांधली. लांबी ५६ फूट. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; असं करणारे ते पहिले भारतीय. होडीचा आराखडा डच कंपनीचा, नाव ‘टोंगा ५६’. इंग्रजीत टोंगा बेटं आणि आपला टांगा यांचं स्पेलिंग एकच. म्हणजे कागदोपत्री दोंदे टांग्यातूनच जगाला फिरून आले. भाडं किती झालं असतं, ते जळगाव स्टेशनवरच्या एखाद्या जुन्या टांगेवाल्याला विचारायला हवं.