व्यवसायाची पदवी की अध्यापनाची?

पदवी-परीक्षेचा निकाल लागला म्हणजे मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो : मुलाने अथवा मुलीने पुढे एम.बी.ए. व्हावे, की बी.एड.? वडील पगाराचे आकडे मांडतात, मामा एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव घेतात, आणि आजीला मास्तरकीच बरी वाटते. दोन्ही पदव्या एकाच जातीच्या आहेत, असे या वादात सर्वांनी गृहीत धरलेले असते. वस्तुतः त्या तशा नाहीत. आणि हा भेद ध्यानी न आल्यामुळे पुष्कळांची दोन वर्षे व घरची पुंजी वाया जाते.

अध्यापनाची पदवी हा एक परवाना आहे. सनदेवाचून वकिलाला न्यायालयात उभे राहता येत नाही, तसेच विहित पात्रतेवाचून शाळेत शिक्षकाची रीतसर नेमणूक होत नाही. व्यवसायाचे तसे नाही. दुकान थाटण्यास किंवा कारखाना काढण्यास कोणताही कायदा एम.बी.ए. मागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. ती नोकरी सोडून ते बेळगावी सायकलींच्या धंद्यात पडले आणि 1910 साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. अहमदाबाद व कलकत्ता येथील व्यवस्थापन-संस्था निघाल्या त्या त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1961 साली.

मग या पदवीचे मोल कशात आहे? ती मोठ्या कंपन्यांच्या दारी नेण्याचे ओळखपत्र होय. आणि ओळखपत्राची किंमत ते देणाऱ्याच्या नावावर ठरते. अग्रगण्य संस्थांचे शुल्क वीस लाख रुपयांहून अधिक असते, परंतु तेथे कंपन्या स्वतः चालून येतात. सामान्य महाविद्यालयाची तीच तीन अक्षरे तेवढे काम करीत नाहीत. म्हणून कर्ज काढण्यापूर्वी ‘कोणती पदवी’ यापेक्षा ‘कोठली पदवी’ हे विचारणे अगत्याचे आहे.

अध्यापनाच्या बाबतीत प्रश्न निराळा : कोणत्या इयत्तेसाठी? पहिली ते पाचवीच्या वर्गांना बी.एड. चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी दिला. तेथे प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. आठवीपर्यंतच्या शिक्षकांस शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. केंद्रीय विद्यालयांसाठी ही परीक्षा केंद्राची असते, हे इंदूर, बडोदे वा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांनी विशेषेकरून लक्षात ठेवावे. अकरावी-बारावीस शिकविण्यासाठी पदव्युत्तर पदवीची जोड हवी. वाणिज्य शाखेचा पदवीधर एम.कॉम. व बी.एड. करून हिशेबशास्त्र शिकवू शकतो, म्हणजे त्याचे आधीचे शिक्षण फुकट जात नाही.

तथापि परवाना म्हणजे नेमणूक नव्हे. सरकारी व अनुदानित शाळांतील जागा केव्हा भरल्या जातील याचा नेम नसतो. तोवर अनेकांना खाजगी शाळांत तुटपुंज्या वेतनावर दिवस काढावे लागतात, आणि सरकारी नेमणुकीची वयोमर्यादा मात्र जवळ येत राहते. घरची परिस्थिती ही प्रतीक्षा सोसू शकेल काय, याचा विचार आधीच मोकळेपणाने झाला पाहिजे.

राहता राहिली आवड. ती घरबसल्या कळत नाही. 2015 सालापासून दोन वर्षांच्या झालेल्या बी.एड. अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवावे लागतात. पण तोपर्यंत शुल्क भरलेले असते. त्यापेक्षा प्रवेशापूर्वीच महिनाभर ओळखीच्या शाळेत मुलांचा अभ्यास घ्यावा, आणि महिनाभर एखाद्या पेढीत गिऱ्हाईक व उधारी सांभाळून पाहावी. चाळीस मुलांपुढे तोच धडा तिसऱ्यांदा समजावताना ज्याला कंटाळा येत नाही, त्याने शाळेकडे वळावे. थकलेली बाकी वसूल करताना ज्याचा उत्साह टिकतो, त्याने धंद्याकडे. पदवीचा अर्ज भरावयाचा तो त्यानंतर.